प्रतीक्षा नव्या मूत्रपिंडाची : लक्षणांचा भार आणि जगण्याचे गणित

नांदेड आणि लातूरच्या बसस्थानकांवर पहाटेच्या गाड्यांतून उतरणाऱ्या प्रवाशांत काही चेहरे ठरावीक वारी हमखास दिसतात. हातात औषधांची पिशवी, कापडात बांधलेली भाकरी, सोबतीला घरातील एक माणूस आणि बाहीखाली झाकलेला, शिरा फुगलेला हात. हे डायलिसिसचे रुग्ण होत. त्यांच्यापैकी काहींची नावे मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत असतात. यादीत नाव लागले म्हणजे अर्धे काम झाले, आता केवळ वाट पाहायची, असा समज रुग्णाच्या घरी आणि गावातही आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रतीक्षेचा हा काळ रिकामा नसतो. याच काळात रुग्णाची शक्ती खर्ची पडते, याच काळात काही रुग्ण दगावतात आणि नवे मूत्रपिंड मिळण्याच्या दिवशी रुग्ण शस्त्रक्रियेस पात्र असेल की नाही, हेही याच काळात ठरते. म्हणून या काळाचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंड निकामी होते म्हणजे काय?

मनुष्याच्या शरीरात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकणे हे त्यांचे मुख्य काम. याखेरीज रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तांबड्या रक्तपेशी तयार करण्यास लागणारे संप्रेरक निर्माण करणे आणि हाडांच्या बळकटीसाठी ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देणे ही कामेही तीच करतात. मूत्रपिंड बंद पडले की केवळ लघवी कमी होते असे नव्हे. रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयावर ताण येतो.

मूत्रपिंड निकामी होण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद ग्रामीण भागात नीट समजावून सांगणे आवश्यक आहे. पहिला प्रकार आकस्मिक. शेतात घोणस चावली, जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी आटले किंवा ढिगाऱ्याखाली सापडून स्नायू चिरडले गेले, तर मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेला भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना ढिगाऱ्याखालून माणसे काढणे म्हणजे काय हे सांगावयास नको. अशा जखमींच्या चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात मिसळणारी द्रव्ये मूत्रपिंडास घातक ठरतात. या प्रकारात वेळीच उपचार व काही दिवस डायलिसिस मिळाल्यास पुष्कळदा मूत्रपिंड पुन्हा काम करू लागते.

दुसरा प्रकार जुनाट. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे. मूत्रपिंडाची सूज, मुतखड्यामुळे वारंवार होणारा अडथळा, वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हीही कारणे आहेत. हा आजार वर्षानुवर्षे अबोलपणे वाढतो. पायांवर सूज आणि दम लागणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुतेक कार्यशक्ती नष्ट झालेली असते, आणि ती परत येत नाही. अशा रुग्णापुढे दोनच मुख्य मार्ग उरतात : डायलिसिस किंवा प्रत्यारोपण.

यंत्र किती काम करते?

१९४३ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे पहिले उपयुक्त यंत्र तयार केले. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तवाहिनीत कायम राहणारी नळी वापरात आणली, आणि एकाच रुग्णाला वर्षानुवर्षे डायलिसिस देणे शक्य झाले. यंत्राने लाखो रुग्णांचे प्राण वाचविले यात शंका नाही. परंतु यंत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी.

आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंड या सर्व तासांत अखंड काम करते. डायलिसिसचे यंत्र आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे १२ तास काम करते. उरलेल्या १५६ तासांत पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस आणि टाकाऊ द्रव्ये रक्तात साठत राहतात. प्रवासाचा खर्च किंवा बुडणारी मजुरी यांमुळे रुग्ण आठवड्यातून दोनदाच आला, तर यंत्राचे तास आठावर येतात.

या उपचाराला पाणीही मोठ्या प्रमाणावर लागते. यंत्रातून मिनिटाला साधारणतः ५०० मिलिलिटर शुद्ध द्रावण वाहते. चार तासांच्या एका बैठकीस हे प्रमाण १२० लिटर होते. ते पाणी नळाचे चालत नाही. विशेष प्रक्रियेने शुद्ध केलेलेच लागते, आणि शुद्धीकरणात आणखी पाणी वाया जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेगाडीने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईच्या काळात डायलिसिस केंद्राचा पाणीपुरवठा हा पिण्याच्या पाण्याइतकाच अग्रक्रमाचा विषय ठरतो, हे टंचाई आराखडा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लक्षणांचा भार

उदाहरणादाखल उदगीर किंवा मुखेड तालुक्यातील चाळिशीचा एखादा अल्पभूधारक शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. आठवड्यातील तीन दिवस तो पहाटे निघतो आणि संध्याकाळी परततो. घरी आल्यावर त्याला उठवत नाही. दुसरा दिवस त्यातल्या त्यात बरा जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. रात्री पायांत पेटके येतात, अंगाला खाज सुटते, झोप लागत नाही. तहानेने घसा कोरडा पडतो, पण पाणी मोजून प्यावयाचे असते. अन्नाची चव गेलेली असते. डॉक्टरांनी "कसे आहे?" असे विचारताच तो "बरे आहे" म्हणतो. त्याच्या दृष्टीने हे सारे आजाराबरोबर येणारच असते, मग सांगावयाचे काय?

वैद्यकशास्त्रात याला लक्षणांचा भार म्हणतात. एकेक लक्षण किरकोळ भासते, परंतु त्यांची बेरीज मनुष्याला खचवून टाकते. ही बेरीज मोजण्यासाठी स्टीव्हन वाइसबोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००४ साली ३० लक्षणांची एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्या आधारे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वसाधारण रुग्णास एकाच वेळी नऊ लक्षणे असल्याचे आढळले. कोरडी त्वचा, थकवा, खाज आणि हाडे वा सांधे दुखणे ही लक्षणे निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत होती. २००७ साली त्याच संशोधकांनी रुग्णांची उत्तरे आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांची उत्तरे ताडून पाहिली. ३० पैकी २७ लक्षणांच्या बाबतीत, लक्षण असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांहून कमी रुग्णांचे दुखणे उपचार करणाऱ्यांच्या ध्यानात आले होते. सुसज्ज रुग्णालयांत ही स्थिती असेल, तर घाईगर्दीच्या केंद्रात किती लक्षणे न बोलताच राहत असतील, याची कल्पना करता येईल.

ही लक्षणे सोसावीच लागतात असे मात्र नाही. पुष्कळ लक्षणांमागे शोधता येण्याजोगे कारण असते. खाजेमागे पुष्कळदा वाढलेला फॉस्फरस किंवा अपुरे डायलिसिस असते. थकव्यामागे रक्तक्षय असतो, आणि त्यावर एरिथ्रोपॉएटिनची इंजेक्शने व लोह हा उपाय आहे. डायलिसिसच्या वेळी पायांत गोळे येणे किंवा रक्तदाब एकदम उतरणे यामागे दोन बैठकांच्या मधल्या काळात प्यालेले जादा पाणी असते, जे चार तासांत भराभर काढावे लागते. पायांची रात्रीची अस्वस्थता लोहाच्या कमतरतेने वाढू शकते. म्हणजे लक्षण हा एक निरोप असतो. तो सांगितला गेला आणि ऐकला गेला, तरच त्याचा उपयोग.

मनावरील भार याहून दुर्लक्षित आहे. हाताशी आलेला मुलगा अंथरुणास खिळला, कर्ता पुरुष घरी बसला, किंवा घर चालविणारी स्त्रीच आजारी पडली, तर घराची घडी विस्कटते. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. मुलीची शाळा सुटते. झोप न लागणे, चिडचिड, कोणाशी न बोलणे, "आता पुरे" असे वारंवार म्हणणे ही खिन्नतेची लक्षणे होत. ती दिसू लागल्यावर रुग्ण डायलिसिसला जाण्याचे टाळू लागतो, आणि तेथून धोका वाढतो.

जगण्याचे गणित

डायलिसिसवर राहणे आणि प्रत्यारोपण करून घेणे यांत आयुष्याच्या दृष्टीने किती अंतर आहे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रत्यारोपणासाठी मुळात धडधाकट रुग्णांचीच निवड होते. त्यामुळे प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना डायलिसिसवरील सर्व रुग्णांशी केली, तर ती न्याय्य ठरत नाही. रॉबर्ट वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखून प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना यादीत नाव असलेल्या, परंतु अद्याप मूत्रपिंड न मिळालेल्या रुग्णांशीच केली. हा अभ्यास १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील यादीवरील ४६ हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते.

त्याचे निष्कर्ष समजून घेण्यासारखे आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास मृत्यूचा धोका यादीवरील रुग्णाच्या २.८ पट होता, कारण शस्त्रक्रिया आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांचा तो काळ असतो. त्यानंतर धोका उतरत गेला. सुमारे आठ महिन्यांनी दोन्ही गटांतील हयात राहण्याचे प्रमाण सारखे झाले. दीड वर्षानंतर प्रत्यारोपण झालेल्यांचा धोका ६८ टक्क्यांनी कमी होता. पुढील आयुष्याचा अंदाज यादीवरील रुग्णास सरासरी १० वर्षे, तर प्रत्यारोपण झालेल्यास २० वर्षे असा निघाला. हे आकडे अमेरिकेतील आहेत आणि ते जसेच्या तसे मराठवाड्यास लावता येणार नाहीत. तथापि त्यांचा रोख स्पष्ट आहे : पात्र रुग्णाच्या बाबतीत प्रत्यारोपण आयुष्य वाढविते, परंतु त्याची सुरुवातीची किंमत शरीराला चुकवावी लागते. ती चुकविण्याची ताकद शरीरात शिल्लक असली पाहिजे.

दुसरा अभ्यास याहून बोलका आहे. एका मृत दात्याची दोन मूत्रपिंडे दोन निरनिराळ्या रुग्णांस मिळतात. हेरविग-उल्फ मायर-क्रिशे आणि ब्रूस कॅपलान यांनी २००२ साली अशा जोड्यांची तुलना केली. दाता एकच, फरक केवळ प्रतीक्षेचा. सहा महिन्यांहून कमी काळ डायलिसिसवर असलेल्यांत १० वर्षांनंतर ६३ टक्के मूत्रपिंडे कार्यरत होती. दोन वर्षांहून अधिक काळ डायलिसिसवर काढलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. लांबलेली प्रतीक्षा केवळ प्रतीक्षेच्या काळातच त्रास देते असे नाही. ती पुढे मिळणाऱ्या मूत्रपिंडाचे आयुष्यही कमी करते.

प्रतीक्षेतील रुग्ण दगावतो तो मुख्यत्वे हृदयविकाराने आणि जंतुसंसर्गाने. रक्तात पोटॅशियम वाढल्यास हृदय अकस्मात बंद पडू शकते, आणि त्यापूर्वी काही सूचना मिळेलच असे नाही. आठवड्यातील दोन दिवसांच्या सलग खंडानंतर मृत्यूचा धोका अधिक असतो, असेही अभ्यासांत दिसून आले आहे. पेरणीच्या दिवसांत, लग्नसराईत किंवा सणाला "एक पाळी चुकली तर काय होते" असे म्हणणाऱ्या रुग्णास हे समजावून सांगणे जीव वाचविण्यासारखे आहे.

यादी कशी चालते?

जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांवर केले. भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. पुढे अवयवांच्या खरेदी-विक्रीस आळा घालण्यासाठी संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम संमत केला. हा कायदा ज्या राज्यांत प्रथम, म्हणजे फेब्रुवारी १९९५ मध्ये अमलात आला, त्यांत महाराष्ट्र होता. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचा निकटच्या नातेवाइकांत समावेश झाला. रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली, आणि अवयवाच्या व्यापारास ५ ते १० वर्षे कारावास व २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा ठरली. मूत्रपिंड विकत मिळवून देतो असे सांगणारा मध्यस्थ गावात आला, तर तो गुन्हा आहे हे ग्रामपंचायत सदस्यांनी निःसंकोच सांगावे.

मूत्रपिंड दोन प्रकारे मिळू शकते. पहिला मार्ग निकटच्या जिवंत नातेवाइकाचा. दुसरा मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने केलेल्या दानाचा. प्रतीक्षायादी असते ती या दुसऱ्या मार्गासाठी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे हे काम पाहतात. नांदेड व लातूर हे जिल्हे मराठवाड्याच्या म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या केंद्राशी जोडलेले आहेत. रुग्णाला यादीत परस्पर नाव घालता येत नाही. प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयाने तपासणी करून नाव नोंदवावे लागते. मूत्रपिंड उपलब्ध झाल्यावर रक्तगट, डायलिसिसवर काढलेला काळ आणि वैद्यकीय निकषांनुसार गुण देऊन क्रम ठरतो. ओळख वा पैसा यांना तेथे स्थान नाही. यादीत जागा मिळण्यासाठी ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा आणि राज्याच्या अधिवासाची अट २०२३ साली केंद्र शासनाच्या धोरणानुसार काढून टाकण्यात आली.

२०२३ साली भारतात सर्व अवयवांची मिळून १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी १३,४२६ मूत्रपिंडाची होती. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते मात्र देशभरात केवळ १,०९९ होते. म्हणजे आपल्याकडील प्रत्यारोपण मुख्यत्वे जिवंत नातेवाइकांच्या त्यागावर उभे आहे. या दात्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, तर मूत्रपिंड मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. आई देते, पत्नी देते. तिला गरज पडली तर घरातून पुढे कोण येते, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावयाचा आहे.

मराठवाड्यात मृत दात्याच्या अवयवदानाची वाट नवी असली तरी ती खुली झाली आहे. जानेवारी २०१६ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील एका मेंदूमृत तरुणाचे हृदय विमानाने मुंबईस नेण्यात आले. त्याच वर्षी नांदेड शहरातूनही मेंदूमृत दात्याचे अवयव बाहेरगावी रवाना झाले. हृदय काढल्यापासून चारेक तासांत बसवावे लागते. मूत्रपिंड थंड द्रावणात एक दिवसापर्यंत टिकू शकते. त्यामुळे अडीचशे-तीनशे किलोमीटरचे अंतर मूत्रपिंडाच्या बाबतीत अडसर ठरत नाही. अडसर ठरतो तो संमती मिळण्यातला विलंब.

यादीत नाव आणि शस्त्रक्रियेस पात्रता

मूत्रपिंड उपलब्ध झाल्याचा दूरध्वनी रात्री-अपरात्री येतो. त्या क्षणी रुग्णाला ताप असेल, जखम चिघळलेली असेल, छातीत पाणी असेल किंवा दूरध्वनी बंद असेल, तर संधी पुढच्या रुग्णाकडे जाते. म्हणून प्रतीक्षेतील रुग्णाने पुढील पथ्ये सांभाळावीत.

पहिले, डायलिसिसची पाळी चुकवू नये. दुसरे, ज्या हातात शिरा व धमनी जोडली आहे तो हात जपावा. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, ओझे उचलू नये. रोज हात लावून त्यातील थरथर जाणवते का ते पाहावे, आणि थरथर थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तिसरे, रक्तक्षयासाठी शक्यतो इंजेक्शने व लोह यांवर भर असावा. वारंवार बाहेरचे रक्त घेतल्यास शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन पुढे जुळणारे मूत्रपिंड मिळणे कठीण होते. चौथे, कावीळ ब व इतर लसी वैद्यकीय सल्ल्याने वेळेवर घ्याव्यात. पाचवे, दात किडणे, क्षयरोग, पायाच्या जखमा यांचे उपचार आधीच उरकून घ्यावेत. सहावे, वेदनाशामक गोळ्या व अज्ञात भस्मे मनाने घेऊ नयेत. ज्यांची थोडी लघवी शिल्लक आहे, त्यांच्यासाठी तेवढीही मोलाची असते.

आहाराचा प्रश्न मराठवाड्यात विशेष नाजूक आहे. आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे आणि फळे नेण्याची आपली रीत. अर्धापूरची केळी नांदेडकरांच्या घरी नेहमीची. परंतु शहाळ्याचे पाणी, केळी, मोसंबीचा रस, सुकामेवा यांत पोटॅशियम भरपूर असते, आणि डायलिसिसच्या रुग्णास ते प्राणघातक ठरू शकते. प्रेमाने दिलेला पेलाच घात करतो. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही टाळावे, कारण त्यात पोटॅशियम घातलेले असते. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ तहान वाढवितात. तहान वाढली की पाणी वाढते आणि पुढची बैठक जड जाते. शेंगदाणे आणि डाळींचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. प्रथिने पूर्णपणे बंद करू नयेत, कारण डायलिसिसवर प्रथिनांची गरज वाढते आणि अशक्त रुग्ण शस्त्रक्रियेस टिकत नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम कमी होते. उन्हाळ्यात तहान भागविण्यासाठी मोजलेल्या पाण्यातूनच बर्फाचा लहान खडा चघळणे हा उपाय उपयोगी पडतो.

शासकीय साहाय्य

नांदेड जिल्ह्याचा या बाबतीत एक विशेष आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती लातूरसह सर्व राज्यात लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण या दोहोंचा तीत समावेश आहे. प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा पातळीवरील सरकारी केंद्रांना बळ दिले. मुख्यमंत्री सहायता निधी, तसेच रेल्वे व राज्य परिवहन महामंडळाच्या प्रवास सवलती यांचाही लाभ घेता येतो. तथापि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत रोज घ्यावी लागतात. त्यांच्या खर्चाची तजवीज कुटुंबाने शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवली पाहिजे. औषधात खंड पडला, तर मिळालेले मूत्रपिंड गमावले जाते.

गावाने काय करावे?

वैद्यकीय उपचार रुग्णालयात होतात, परंतु आठवड्याचे १५६ तास रुग्ण आपल्या गावात असतो. म्हणून गावाची जबाबदारी मोठी आहे.

आशा कार्यकर्तीने पंधरवड्यातून एकदा रुग्णाच्या घरी जाऊन पाच प्रश्न विचारावेत : झोप लागते का? खाज आहे का? चालताना दम लागतो का? गेल्या पंधरवड्यात पाळी चुकली का? मन उदास असते का? उत्तरे साध्या वहीत टिपून रुग्णाने ती वही डायलिसिसला जाताना सोबत न्यावी. तोंडाने न निघणारे दुखणे कागदावरून डॉक्टरांपर्यंत पोहोचते. ग्रामपंचायतीने एकाच भागातील रुग्णांच्या पाळ्या एका दिवशी जुळवून एकत्रित वाहनाची सोय करता येते का हे पाहावे. किनवट-माहूरसारख्या दूरच्या तालुक्यांत याचे मोल फार आहे. ग्रामरोजगार सेवक व तलाठी यांनी शिधापत्रिका, ओळखपत्र यांतील नावांच्या चुका वेळीच दुरुस्त करून द्याव्यात, कारण एका अक्षराच्या फरकाने मंजुरी अडकून पडते.

शिक्षकांचे काम दुहेरी आहे. रुग्णाच्या घरातील मुलाची, विशेषतः मुलीची शाळा सुटू नये याकडे त्यांनी लक्ष द्यावे. आणि मेंदूमृत्यू म्हणजे काय हे समाजाला समजावून सांगावे. बेशुद्धी आणि मेंदूमृत्यू यांत अंतर आहे. बेशुद्ध मनुष्य शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत व्यक्ती कधीही नाही. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी केल्यावरच मेंदूमृत्यू घोषित होतो. त्यानंतरही संमती देण्याचा अधिकार कुटुंबाचाच असतो. अवयव काढल्यावर देह सन्मानाने परत मिळतो आणि अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतात. हे सारे दुःखाच्या घटकेला प्रथमच कानावर पडले, तर कोणतेही कुटुंब गोंधळून जाणे स्वाभाविक आहे. ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आहे. त्या दिवशी शाळेत व ग्रामसभेत हा विषय शांतपणे मांडला जावा. घरात त्याची चर्चा आधी झालेली असेल, तर निर्णय घेणे सोपे जाते.

आणि या सर्वांआधी प्रतिबंध. मधुमेह व रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिॲटिनिन वर्षातून एकदा तपासले गेले, तर पुष्कळांना यंत्रापर्यंत पोहोचावेच लागणार नाही.

उदगीर वा मुखेडकडचा तो शेतकरी उद्या पहाटे पुन्हा गाडी धरील. त्याच्या यादीतील क्रमांकावर गावाचा काहीच अधिकार नाही. परंतु तो क्रमांक येईल त्या रात्री तो पायांवर उभा असेल की नाही, त्याचा हात शाबूत असेल की नाही, त्याने गेल्या महिन्यात एकही पाळी चुकविली नसेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या घरावर आणि गावावर अवलंबून आहे. आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावातील एका दुःखी कुटुंबाने त्या घटकेला काय उत्तर दिले, यावर त्याचे उरलेले आयुष्य अवलंबून आहे.